साक्षीच्या दारातला ढोल

कोरटखेडं हे गाव जळगावजवळच्या असोद्याहून आत, केळीच्या बागांत बुडालेलं. बाहेरून येणाऱ्याला आधी केळीची पानंच दिसतात, मग एक वळण, आणि एकदम शाळेचं निळं फाटक. सुकदेव सर त्या शाळेचे मुख्याध्यापक. माणूस सरळ, आवाज दांडगा, पोरांवर जीव. त्यांना दुखणं एकच होतं, हजेरीचं.

थंडी पडली की त्या शाळेतली पोरं पिकल्या पानांसारखी गळायची. कोणी आईबरोबर कापूस वेचायला, कोणी म्हैस राखायला, कोणी मावशीच्या लग्नाला गेलं ते तिकडंच. सरांनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. मग फाटकाला कुलूप लावायची रीत काढली. प्रार्थना सुरू झाली की कुलूप पडायचं. उशिरा येणाऱ्यानं बाहेर उभं राहायचं आणि आपला उशीर सगळ्या गावाला दाखवायचा. शिस्त लागली म्हणजे पोरं आपोआप येतील, असा सरांचा हिशेब. तो हिशेब काही जुळला नाही, पण कुलूप मात्र राहून गेलं.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर सरांना नवी कल्पना सुचली. शाळेत ढोल होता, लेझमा होत्या आणि सातवीची पोरं वाजवण्यात तरबेज होती. सर म्हणाले, "पोरं शाळेत येत नाहीत ना? मग शाळाच पोरांच्या दारात जाईल."

पहिलं दार होतं छगन शेतमजुराचं. त्याचा दुसरीतला वना शेळीच्या आड लपला होता. ढोल वाजला, लेझीम झाली, प्रज्ञा मॅडमनी वनाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पोरांनी त्याला खांद्यावर उचलून आणलं. सरांनी मोबाईलवर सगळं टिपलं आणि पालकांच्या गटावर टाकलं. तालुक्याच्या साहेबांचा फोन आला, म्हणाले, "झकास उपक्रम. जळगावच्या बैठकीत दाखवू." सर दोन दिवस जमिनीवर चालत नव्हते.

पुढच्या आठवड्यात पहिली-दुसरीची हजेरी निम्म्यावर आली.

सर चक्रावले. ढोल घेऊन फेरीला निघाले तर दारोदारी पोरं अंघोळ करून, केसांना तेल चोपडून, दप्तर पाठीला लावून उंबऱ्यावर बसलेली. ढोल आल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच बसलेली. वनाला जसं नवरदेवासारखं नेलं तसं आपल्यालाही न्यावं, एवढीच त्यांची मागणी. द्रौपदाबाई नावाच्या एका आजीनं तर सरांना रस्त्यात अडवलं.

"काय हो सर, आमच्या नातवाच्या दारी ढोल कधी? आम्ही काय गावात राहत नाही?"

"अक्का, तुमचा नातू रोज येतो. एक दिवस चुकवत नाही."

"म्हणूनच विचारते. रोज येणाऱ्याला ढोल नाही आणि दांडी मारणाऱ्याची मिरवणूक. हा कुठला न्याय?"

प्रज्ञा मॅडम शाळेत नव्यानं आलेल्या, पिंप्राळ्याहून रोज स्कूटीवर येणाऱ्या. त्यांना हसू आवरेना. "सर, पोरं सगळी हजर आहेत," त्या म्हणाल्या. "फक्त घरी हजर आहेत."

सरांनाही हसू आलं, पण मनात कुसळ रुतलं. ही बारकी पोरं काय, दोन दिवसांत येतील. पण ज्यांच्यासाठी ढोल काढला ती कुठं आहेत? सातवीची साक्षी डोळ्यांसमोर आली. दिवाळीपासून ही मुलगी एक दिवस दिसायची आणि पुढचे तीन दिवस गायब. फार हुशार होती असं नाही, पण हातात घेतलेलं गणित सुटेपर्यंत सोडायची नाही. वही जणू दातात धरून बसायची.

"उद्या साक्षीच्या दारी जाऊ," सर म्हणाले.

"तिथं ढोल नको, सर. ती मोठी आहे. मीच जाऊन येते."

"मॅडम, तुम्ही दोनदा गेलात. दोनदा दाराला कुलूप. ढोल गल्लीच्या तोंडाशी वाजला की कुलूपवाल्यालाही कळतं शाळा आली म्हणून."

मॅडम नव्या, सर मोठे. त्या गप्प बसल्या.

साक्षीचं घर लालचंद शेठच्या किराणा दुकानामागच्या गल्लीत. वर पत्रे, आत एकच खोली, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. बाप समाधान सुरतेला कापडाच्या मागावर कामाला, सणावारी येणारा. आई वैजंता केळी कापणाऱ्या टोळीत. टोळीची गाडी पहाटे यायची, कधी या गावच्या बागेला, कधी जामनेरकडे. घरी साक्षी आणि तिचा तीन वर्षांचा भाऊ प्रशील.

त्या दिवशी प्रशील तापला होता. रात्रभर रडून आत्ता कुठं त्याचा डोळा लागला होता. साक्षी भांडी घासत होती तेवढ्यात गल्लीत ढोल दणाणला. ती ओल्या हातानं दारात आली. समोर तिचाच वर्ग. लेझमा खुळखुळताहेत, सर मोबाईल समोर धरून उभे. आजूबाजूच्या बाया दारांतून बाहेर आल्या. जळगावसारख्या शहरात पट्टी थकली की दारात ढोल वाजवतात, हे त्यांनी ऐकलेलं. त्यातली एक मोठ्यानं म्हणाली, "काय व माय, वैजंतानी घरपट्टी थकनी का नळपट्टी?"

गल्ली हसली. ढोलवाली पोरंही हसली. आत प्रशील दचकून उठला आणि किंचाळायला लागला.

साक्षी रडली नाही. चिडली नाही. तिनं एकदा सरांकडं पाहिलं, आत गेली आणि कडी लावली. पोरं मात्र वाजवतच राहिली, कारण थांबा म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं होतं सरांनी, आणि सर मोबाईल धरून तसेच उभे होते.

त्यानंतर साक्षी चार दिवसांतून एकदाही दिसेना.

शनिवारी सर चहापत्ती घ्यायला लालचंद शेठच्या दुकानात गेले. शेठच्या आजोबांनी मारवाडातून येऊन हे दुकान टाकलेलं. गल्लीत कोणाच्या चुलीवर काय शिजतं ते शेठला गिऱ्हाईक काय नेतं यावरूनच कळायचं.

"सर, साक्षीची आई काल मोठी पिशवी घेऊन गेली. चेनवाली," पुडी बांधता बांधता शेठ म्हणाले. "सोमवारी मामा येतोय धुळ्याहून. पोरीला घेऊन जाणार."

"पाहुणी म्हणून?"

"कसली पाहुणी. मामीला बाळ झालंय, वरची दोन लहान. घरात हाताखाली कोणीतरी पाहिजे."

"आणि तिची शाळा?"

"धुळ्यात शाळांना काय तोटा आहे. पण मामी तिला शाळेत घालायला नेतेय का?" शेठनं दोरा तोडला. "रागावू नका सर. वैजंता आधी धुळ्याला तयार नव्हती. भाऊ दोन महिने मागं लागलेला. पण तुमचा ढोल वाजला आणि पोरगी म्हणाली, आई, मला धुळ्याला पाठव. आमच्या गल्लीत ढोल दोनदाच वाजतो, सर. लग्नात नाही तर जप्तीत. लग्न तर कोणाचं नव्हतं."

सर पुडी न घेताच निघाले. शेठनं हाक मारली तेव्हा परत आले, पुडी घेतली, आणि पैसे द्यायचे विसरले.

घरी गेल्यावर त्यांनी पालकांच्या गटावरचा साक्षीच्या दाराचा व्हिडिओ काढून टाकला. काढण्याआधी एकदा पाहिला. त्यात ढोलाच्या आवाजाखाली प्रशीलचं रडणं ऐकू येत होतं. टिपताना ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

रविवारी दुपारी ते एकटेच गेले. हातात काही नाही, बरोबर कोणी नाही. वैजंता दारात कपडे धूत होती. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो, कितीही घासला तरी जात नाही. तरी ती घासत होती. सरांना पाहून उठली, जय भीम केला, आणि मग म्हणाली,

"आज ढोल कोठे ठेवा, सर? का मांगून येई राह्यना?"

"नाही वैजंताबाई. आता ढोल येणार नाही. माझं चुकलं."

तिनं हात पदराला पुसले. पाट पुढं सरकवला. सर बसले. प्रशील त्यांच्या पायांजवळ येऊन त्यांच्या चपलेचा पट्टा उघड-बंद करायला लागला.

"मन्ही पोर रडनी नही त्या दिवशी," वैजंता म्हणाली. "रडती ते बरं व्हतं. बठ्ठी गल्ली हसनी, आनि ती चूप. मालेच भ्याव वाटनं."

साक्षी आतून आली. पाण्याचा तांब्या ठेवला आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

सरांनी घरून निघताना पुष्कळ बोलायचं ठरवलेलं. शिक्षणाचं महत्त्व, बाबासाहेब, मुलगी शिकली प्रगती झाली. त्या तसबिरीसमोर त्यातलं काहीच तोंडातून निघेना. मग त्यांनी नुसतं विचारलं, "बेटा, तुझा सकाळचा वेळ कसा जातो, तेवढं सांग."

साक्षीनं आईकडं पाहिलं. आईनं मान हलवली.

"पहाटे गाडी येते. आई जाते. मग प्रशील उठतो. त्याला धुऊन, खाऊ घालून अंगणवाडीत सोडते. अंगणवाडीच्या बाई येतात तेव्हा इकडे तुमची प्रार्थना ऐकू येते. मी पळत येते. तोवर कुलूप."

"मग हाक मारायची ना कोणाला."

"मारली होती. तुम्हीच आलात. म्हणालात, उद्या वेळेवर ये."

सरांना आठवेना. अशा किती पोरांना ते तसं म्हणाले असतील. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"आणि ज्या दिवशी आत आले त्या दिवशी दुपारी अंगणवाडी सुटते. त्याला आणायला गेले की परत येता येत नाही. त्याला कुठं टाकू?"

"हे सांगितलं का नाहीस इतके दिवस?"

"सगळे विचारतात, का नाही आलीस." साक्षी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. "तसं विचारलं की सांगायचं नसतं सर. ऐकून घ्यायचं असतं."

वैजंता मध्येच बोलली, "मुकादमनी गाडी मन्ह्यासाठी थांबस का? एक दिन चुकनू तर दुसरी बाई घेस. धाकला कोनजोडे ठेवू, तुम्हीच सांगा."

"शाळेत ठेवा," सर म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय म्हणालो ते. पण मग मागं हटले नाहीत. "तिच्याबरोबर येऊ द्या त्याला. बसेल, खेळेल, तिच्या शेजारी झोपेल. अंगणवाडीत सोडायचं तर सोडून या, जेव्हा होईल तेव्हा या. फाटकाला उद्यापासून कुलूप नाही."

वैजंता हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "आज बोलश्यात. उद्या मोठा साहेब उना म्हंजे पोऱ्याले बाहेर काढश्यात."

"साहेबाशी मी बोलेन."

"सर," साक्षी म्हणाली, "मी नाही येणार." आणि पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "मला वर्गातली पोरं ढोलपट्टी म्हणतात. दुकानात गेले तरी म्हणतात. मला धुळ्यालाच जायचं आहे."

 सरांनी प्रशीलच्या हातातून चप्पल सोडवून घेतली आणि ते निघाले. मामा सोमवारी दुपारच्या गाडीनं येणार होता. म्हणजे हाताशी एक सकाळ होती.

सोमवारी सर सगळ्यांच्या आधी शाळेत पोचले. कुलूप काढून टेबलाच्या खणात टाकलं. शिक्षक जमले तेव्हा म्हणाले, "आजपासून उशिरा येणाऱ्याला कोणी काही विचारायचं नाही. का आलास, का नाही आलास, काही नाही. आला की बस म्हणायचं, आणि काय चाललंय ते दाखवायचं. मी विचारायला लागलो तर मलाही अडवा." मग सातवीच्या वर्गाकडं निघाले. "त्या पोरांना आता चांगलं खडसावतो. ढोलपट्टी म्हणे."

प्रज्ञा मॅडम आडव्या आल्या. "सर, तुम्ही तिच्या नावानं भाषण दिलंत तर पुन्हा ढोलच वाजेल. मला जाऊ द्या."

गेल्या वेळी मॅडमचं ऐकलं नव्हतं. या वेळी सर व्हरांड्यातच थांबले.

मॅडमनी आत जाऊन साक्षीचं नावही काढलं नाही. खडूचा तुकडा हातात खेळवत सहज विचारलं, "घरी कोणाकोणाला कोणाला तरी सांभाळावं लागतं? खरं सांगा."

आधी कोणीच हलेना. मग एका मुलीचा हात वर आला, तिची आजी अंथरुणाला खिळलेली. मग दुसरा, मग चार. कोणाची बहीण, कोणाचा दारू पिऊन पडलेला काका. शेवटी ढोल वाजवणाऱ्या पोराचाही हात वर गेला.

"तुझ्याकडं कोण?"

"शेळ्या, मॅडम."

वर्ग हसला. "शेळ्यांनाही कोणीतरी पाहावंच लागतं," मॅडम म्हणाल्या. "मग सांभाळायचं असेल त्या दिवशी काय करता?"

"दांडी," पोरगा म्हणाला, आणि या वेळी कोणी हसलं नाही. त्याच्या शेजारचा हळूच त्याला म्हणाला, "मग साक्षीची पण तशीच असंल." पोरानं खाली पाहिलं.

एवढ्यात तालुक्याहून साहेबांचा फोन आला. बैठकीसाठी ढोलाचा आणखी एक व्हिडिओ हवा होता.

"तो उपक्रम बंद केला, साहेब."

"अहो, का? चांगला होता."

"पोरं घरी बसून ढोलाची वाट बघायला लागली."

साहेब मोकळेपणी हसले. "मग आता नवीन काय?"

"फाटक उघडं ठेवलंय. आणि धाकटी भावंडं घेऊन यायला सांगितलंय."

"सुकदेवराव, उघड्या फाटकाचा फोटो काय काढायचा? आणि ती लहान पोरं कोणाच्या जबाबदारीवर?"

"माझ्या, साहेब," सर म्हणाले. साहेब थोडं थांबले, लेखी काही मागू नका म्हणाले, आणि फोन ठेवला. त्यांनी हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं.

प्रार्थना कधीच होऊन गेली होती. पहिला तास झाला. सर फाटकासमोरच्या पारावर बसून होते. बारकी पोरं ढोल येत नाही असं कळल्यावर हिरमुसली होऊन एकेक करून येत होती. वना तर फाटकात येऊन सरांना म्हणाला, "एकदाच वाजवा ना." सरांनी त्याला आत पिटाळलं.

आणि मग केळीच्या बागेच्या वळणावर साक्षी दिसली. कडेवर प्रशील, पाठीला दप्तर. धुळ्याला जाण्याआधी कुलूप खरंच निघालं का तेवढं बघायला आल्यासारखी. चालत फाटकापर्यंत आली आणि थांबली. फाटक सताड उघडं होतं, पण कुलूप असल्यासारखी ती बाहेरच उभी राहिली.

सरांच्या ओठांवर हाक आली. त्यांची हाक म्हणजे अख्ख्या गावाला ऐकू जाणार. त्यांनी ती गिळली. मग त्यांच्या लक्षात आलं, आपण इथं बसलोय तोवर तिला आपल्यासमोरून जावं लागणार. ते उठले, पाठ फिरवली आणि ऑफिसात जाऊन बसले. बसले म्हणजे काय, खुर्चीवर टेकले आणि कान बाहेर ठेवले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग सातवीच्या वर्गातून प्रज्ञा मॅडमचा आवाज आला, "बस." आणि कोणीतरी बाक सरकवल्याचा आवाज.

दुपारी खिचडी झाली. प्रशीलनं दोनदा मागून घेतली, सांडली आणि मग सातवीच्या वर्गातच पेंगला. ढोल वाजवणाऱ्या पोरानं कोपऱ्यातली सतरंजी आणून दिली. काही न बोलता दिली आणि जागेवर जाऊन बसला.

शाळा सुटायला अवकाश होता तेव्हा टोळीची गाडी फाटकाशी थांबली. वैजंता उतरली. तिच्यामागून मोटारसायकलवर तिचा भाऊ आला. धुळ्याहून गाडीनं यायचा तो मित्राची मोटारसायकल घेऊन आलेला, पुढं ती चेनवाली पिशवी. घराला कुलूप आणि दाराला अडकवलेली ही पिशवी दिसली, तशी ती उचलून तो थेट बहिणीच्या बागेवर गेला होता.

वैजंता वर्गाच्या खिडकीशी आली. कपड्यांवर चिकाचे काळे ओघळ, म्हणून दारातून आत गेली नाही. आत प्रशील सतरंजीवर बहिणीच्या दप्तराची उशी करून झोपलेला. साक्षी फळ्याकडं बघून काहीतरी उतरवून घेत होती, भराभर, मधेच खोडत होती, परत लिहीत होती. खिडकीत आई आहे हे तिला कळलंही नाही.

भाऊ म्हणाला, "ताई, चल आता. तिचे कपडे भर. अंधाराच्या आत धुळं गाठायचं आहे. घरी तिघं पोरं आहेत, बायको एकटी आहे."

सुकदेव सर बाहेर येऊन व्हरांड्याच्या खांबाशी उभे राहिले. त्यांनी द्यायचा तो शब्द काल दिला होता.

वैजंता खिडकीतून हलली नाही. तशीच उभी राहून, सरांकडं न बघता म्हणाली, "सर, शनिवारले तुमनी शाळा सकायनी रास ना?"

"हो. शनिवारी सकाळची."

"आमना नळले शनिवारलेच सकाय पानी येस. ते भरी ठेव्याशिवाय आठ दिन निघत नही. पानी सोडीसन ती कशी ई?"

सरांनी याचा विचारच केला नव्हता. कालपासून फाटक, अंगणवाडी, प्रशील, साहेब, सगळं डोक्यात घोळवलं होतं, पण शनिवार त्यात नव्हता. त्यांनी खोटं सांगितलं नाही. "याचं उत्तर आत्ता माझ्याकडं नाही, वैजंताबाई. शिक्षकांशी बोलून काहीतरी काढतो. उद्या सांगतो."

"उद्या मी कटाईवर शे," ती म्हणाली. "साक्षीजोडे सांगा."

सर अजून शनिवारातच अडकलेले. भावाला मात्र कळलं. त्यानं पिशवीकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं. "म्हणजे ती येत नाही का, ताई? मी बायकोला काय सांगू?"

"सांग, मी येसू. दोन दिननी सुट्टी काढसू आनि मीच येसू. पोर नही येवाव."

"तुझा मुकादम सुट्टी देईल?"

"नही देवाव," वैजंता म्हणाली. "तरी येसू."

तो थोडा घुटमळला. खिडकीतून भाचीकडं एक नजर टाकली, रिकामी पिशवी बहिणीच्या हातात दिली आणि मोटारसायकलला लाथ मारली. आवाजानं प्रशील जागा झाला आणि डोळे चोळत बसला. साक्षीनं एका हातानं त्याला थोपटलं, दुसरा हात लिहीतच होता.

सर ऑफिसात आले. तास संपवून प्रज्ञा मॅडम हात झटकत व्हरांड्यातून येत होत्या. सरांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"बसा मॅडम," ते म्हणाले. "शनिवारचं काय करायचं ते बोलू."